आईच्या रेकॉर्डची जोड

मास्तरांनी माझ्या आईची रेकॉर्ड फोडली. हातातून निसटून फुटली असती तर मी काही बोलले नसते, माझ्या हातूनही कपबशा फुटतात. त्यांनी ती मुद्दाम फोडली. आणि माझा नवरा सगळं माहीत असून रोज माझ्यासमोर बसून वरणभात जेवत होता, वर लिंबू मागत होता.

थांबा, नीट सांगते. रागात माझं पुढचं मागं होतं.

आमच्या घरी रविवारी सकाळी तीन म्हातारे जमायचे. एक माझा नवरा. सगळी उमर ऑर्केस्ट्रात गिटार वाजवली. लग्नं, गणपती, कामठीपासून भंडाऱ्यापर्यंत जिथे स्टेज बांधलं तिथे हे. दुसरे ड्रमवाले भाऊजी, त्याच ऑर्केस्ट्रातले. तिसरे मास्तर. ते सॅक्सोफोन वाजवायचे आणि अर्ध्या नागपूरला त्यांनी वाजवायला शिकवलं, म्हणून मास्तर. राहायला लकडगंजात, लाकडाच्या टालाच्या, म्हणजे वखारीच्या, वर.

पोटासाठी या तिघांनी सिनेमाची गाणी वाजवली, पण जीव अडकला तो ब्लूजमध्ये. ब्लूज म्हणजे काय हे मला लग्नानंतर कळलं. अमेरिकेतल्या काळ्या लोकांची जुनी गाणी. रेल्वे कॉलनीतली, कामठीच्या छावणीतली गोरी-अर्धगोरी कुटुंबं परदेशी निघून गेली तेव्हा त्यांच्या पेट्या कबाड्याकडे आल्या, आणि त्या पेट्यांतून या तिघांनी एकेक रेकॉर्ड वेचून काढली. लाखेच्या, जड, काळ्या. पडली की काच फुटावी तशी फुटते. माझ्या घरात लेकरांना कधी जपलं नसेल इतकं त्यांना जपलं. हात धुतल्याशिवाय कोणी शिवायचं नाही. ज्याची रेकॉर्ड त्यानंच लावायची. एका बैठकीत एकदाच वाजवायची, कारण सुई दर खेपेला थोडी रेकॉर्ड खाते म्हणे. आणि कोणाकडे एकाच गाण्याच्या दोन निघाल्या तर त्याला म्हणायचं जोड. जोड ठेवायची नाही. ती देऊन दुसऱ्याकडून आपल्याकडे नसलेली घ्यायची. हे सगळं मी चहा देता देता ऐकलेलं. देणारा-घेणारा जमला नाही तर त्या जोडीचं काय करतात, हे मी कधी विचारलं नव्हतं. सुचलंच नाही विचारायचं.

माझ्या नवऱ्याकडे एका बाईची रेकॉर्ड होती. रेल्वेतल्या एका गार्डाच्या घरातून आलेली. ती लावली की यांचे डोळे भरून यायचे. मला सांगायचे, "पाह्य, कापूस वेचनारी बाई हाये. वेचता वेचता गाऊन राहिली."

मी म्हणायची, "माही मायबी कापूसच वेचे. अन् गायेबी."

"हो काय?" असं म्हणून ते डोळे मिटायचे. दर वेळी "हो काय?" जसं काही पहिल्यांदाच ऐकलं.

आता आईचं सांगते. माझी आई नरखेड तालुक्यातल्या एका खेड्यातली. संत्र्याच्या बागेत, कापसाच्या वावरात मजुरी करायची. नागपूरच्या धम्मदीक्षेनंतर आमच्या लोकांत नवीन गाणी आली, गावोगाव गायन पार्ट्या निघाल्या. आईच्या गावातही निघाली. एक म्होरक्या गाणारा, एक ढोलकीवाला, पेटीवाला, आणि मागे झील धरायला तीन बाया. झील म्हणजे म्होरक्यानं ओळ टाकली की ती उचलून पुन्हा गायची. त्या तिघींतली एक माझी आई. मुंबईच्या एका कंपनीनं पार्टीला बोलावलं, रेकॉर्ड भरून घेतली, आणि सगळे परत आले. पुढे आईबाप नागपूरला आले. मी चौथीत असताना आई गेली.

ती रेकॉर्ड निघाली की नाही हेसुद्धा आमच्या घरात कोणाला पक्कं ठाऊक नव्हतं. बाप म्हणायचा, निघाली असन तर म्होरक्याकडं असन. म्होरक्या गाव सोडून गेलेला. मला त्याचं नाव माहीत होतं आणि गाण्याची पहिली ओळ येत होती: "उचल पाऊल बाई, उजेड दारी आला." भांडी घासताना मी ती गुणगुणते. माझ्या नवऱ्यानं ती इतक्यांदा ऐकली की झोपेत म्हणू शकेल. लग्न झाल्यापासून त्यांना एकच सांगून ठेवलं होतं: तुम्ही कबाडी पालथे घालता, या म्होरक्याच्या नावाची रेकॉर्ड दिसली तर घेऊन या. साडी नको, सोनं नको.

तर एका रविवारी मास्तर आले नाहीत. दोघंच होते. मी झुणका-भाकर वाढत होते. भाऊजींनी पहिला घास घेतला आणि सहज विचारलं, "मंग वहिनी, आयकली काय आईची?"

"आईची काय?"

"अवो, रेकॉर्ड."

माझ्या नवऱ्याला ठसका लागला. झुणका तिखट नव्हता.

भाऊजी त्यांच्याकडे बघत म्हणाले, "तू सांगतलं नाई काय बे?"

"काय सांगाचं होतं?" मी भाकरी हातातच धरून उभी.

भाऊजी बिचारे सरळ माणूस. एकदा तोंड उघडलं की ड्रमसारखं वाजतं. "कामठीच्या एका घरातून मास्तरले पेटी भेटली ना, त्यात निघाली. दोन निघाल्या. जोड. यानंच तर लेबल वाचून दाखोलं, म्हने हे तर माह्या सासूची पार्टी."

मी नवऱ्याकडे वळले. "अवो, खरं हाये काय हे?"

"सांगनारच होतो तुले."

"कवा? मी मेल्यावर?"

"अवं, बोलनं चालू होतं मास्तरसंग."

"आता कायचं बोलनं?" भाऊजी म्हणाले. "एक तर फोडली त्यानं."

मी भाकरी ताटात टाकली. ठेवली नाही, टाकली.

मग हळूहळू, एकेक शब्द ओढून काढावा तसं सगळं बाहेर आलं. मास्तर म्हणाले होते, जोडीतली एक तुला देतो, पण बदल्यात तुझी ती कापूसवाल्या बाईची दे. हे म्हणाले, विचार करतो. आणि विचार करत बसले. आठवडे गेले, यांचा विचार होईना. मधल्या काळात बाहेरगावच्या कोण्या शौकिनाचा मास्तरांना फोन आला. आजकाल आमच्या जुन्या पार्ट्यांच्या रेकॉर्डना भाव आला आहे. कोणीतरी कुठेतरी म्हटलं की हे तर इथलं ब्लूज आहे, झालं, तेव्हापासून. आमची माणसं मरेस्तोवर गायली तेव्हा कोणाला ऐकू आलं नाही. त्या शौकिनानं विचारलं, दुनियेत हीच एक आहे ना? दुसरी असेल तर मला नको.

आता मास्तर खोटं बोलत नाहीत. सगळ्या नागपुरात त्यांचं नाव आहे त्यासाठी. त्यांनी सांगितलं, थोड्या वेळानं फोन करतो. दुसरी रेकॉर्ड घेतली, गच्चीवर गेले, पाण्याच्या टाकीच्या कडेवर आपटली, आणि खाली येऊन फोनवर सांगितलं, हो, एकच आहे.

म्हणजे माणूस इतका सच्चा, की खोटं बोलायला नको म्हणून माझ्या आईचे तुकडे केले.

"शौकीन लोकाइत असंच असते," माझा नवरा म्हणाला. "जोड राह्यली तं किंमत राहत नाई. तुले नाई समजाचं ते."

चाळीसच्या वर वर्षं संसार केला त्यांच्याशी. त्या एका वाक्याला मला वाटलं, कोणा परक्याला जेवू घालत होते मी.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ऑटो केली आणि लकडगंज गाठलं. उरलेली एक जायच्या आत मला ती ऐकायची होती. मास्तरांनी दार उघडलं, आणि मला एकटीला बघून त्यांचा हात आपोआप कॉलरकडे गेला.

"या वहिनी. चहा टाकतो."

"चहा नोको. माय आयकव माही."

त्यांना मी जन्मात कधी एकेरीत बोलले नव्हते. त्यांनीही ते ऐकलं. आत गेले, हात धुतले, पुसले, कपाटातून पाकीट काढलं. लेबलावर म्होरक्याचं नाव होतं, ठळक. खाली बारीक अक्षरात 'आणि पार्टी'. मी ते 'आणि पार्टी' बोटानं चाचपायला गेले तर म्हणाले, "हात नका लावू."

लावली. आधी नुसती खरखर, कढईत मोहरी तडतडावी तशी. मग पेटी, ढोलकी, आणि म्होरक्याचा उंच आवाज. उचल पाऊल बाई. आणि मागून झील आली. तीन बाया एकदम.

मी कान टवकारून बसले होते. आत्ता ओळखीन, आत्ता ओळखीन. गाणं संपलं. सुई मधल्या जागेत फिरत राहिली.

मला आईचा आवाज ओळखता आला नाही.

तीन आवाज होते, तिघी गात होत्या, आणि त्यातली माझी आई कोणती ते मला कळेना. ती मला हाक मारायची तो आवाज एवढ्या वर्षांत कुठे पुसला गेला मला ठाऊक नाही. मी म्हटलं, "पुन्हा लावा."

"वहिनी, एका बैठकीत एकदाच. तुम्हाले तं माहीत आहे. सुई खाते."

"खाऊ द्या. पुन्हा लावा."

"ठरलेली वस्तू आहे. दुसऱ्याची झाली आता."

मी पिशवीतून फोन काढला, म्हटलं बरं, भरून तरी घेते. तर त्यांनी चक्क माझ्या फोनवर पंजा ठेवला. "असं नका करू. फोनवर गेली की गावभर होते. मग या रेकॉर्डले अर्थ काय राहिला?"

"मास्तर, मुंबईले गेल्या तवा त्या बाया कायले गेल्या होत्या? तुमच्या कपाटात बसाले? गावभर व्हावं म्हणूनच गेल्या होत्या ना!"

"कला आहे वहिनी ही. जपावी लागते."

"जपली तुम्ही. टाकीवर नेऊन जपली."

त्यांनी मान खाली घातली, पण रेकॉर्ड पाकिटात घातलीच. कपाटाला कुलूपही लावलं, माझ्यासमोर. मी जिना उतरले तेव्हा खाली टालावर करवत चालू होती. त्या आवाजात मी मोठ्यानं शिव्या दिल्या. कोणाला ऐकू गेल्या नाहीत, एवढंच वाईट वाटतं.

घरी येऊन मी नवऱ्याशी बोलणं सोडलं. मी! दारावर भाजीवाली आली तर तिच्या सुनेचं बाळंतपण विचारल्याशिवाय मेथीची जुडी न घेणारी मी. जेवण वाढायची, पाणी ठेवायची, तोंडातून शब्द नाही. ते बोलून बघायचे. "उकाडा हाये नाई?" मी भिंतीकडे बघायची. "मीठ कमी हाये काय?" मी मिठाची बरणी सरकवायची. त्यांना वाटलं होतं मी भांडीन, रडीन, दोन दिवसांत सरळ होईन. गप्प बायकोचं काय करायचं हे त्यांना कोणत्या ब्लूजमध्ये शिकवलं नव्हतं.

शेवटी एका दुपारी त्यांनी आपली पेटी उघडली. कापूसवाल्या बाईची रेकॉर्ड काढली, जुन्या धोतराच्या फडक्यानं पुसली, खूप वेळ पुसत बसले, आणि पिशवीत घालून निघून गेले. मी स्वयंपाकघराच्या दारातून बघितलं. अडवलं नाही. वाईट वाटलं का? वाटलं. पण त्या बाईचं गाणं त्यांच्या कानात पक्कं बसलं होतं. माझ्या आईचं माझ्या कानात नव्हतं.

संध्याकाळी परत आले, पुठ्ठ्यात बांधलेलं पुडकं माझ्यासमोर ठेवलं. मास्तरांनी त्या बाहेरच्या शौकिनाला नकार दिला होता. कापूसवाली बाई त्यांना त्याहून मोलाची होती.

"घे. आता तरी बोल."

त्यांचा चेहरा असा, की मी पाया पडावं. म्हटलं, "तवाच देली असती तं दोन राह्यल्या असत्या." एवढंच. आणि पुन्हा गप्प.

पण रेकॉर्ड लावली. यांच्या प्लेअरवर, माझ्या हातानं, कणीक मळल्या हातानं नव्हे, तेवढा धर्म पाळला. एकदा, दोनदा, पाचदा. सकाळी लावली, दुपारी भांडी घासताना लावली. हे शेजारच्या खोलीत येरझाऱ्या घालत. "झिजून राहिली वं ते! दिवसातून एकदा लाव ना!"

मी आवाज वाढवायची.

झील येताना श्वास धरून बसायची. एक आवाज बारीक, कापरा. एक जाड, खाली बसलेला. एक मधला, जरासा पुढे पुढे पळणारा. कधी वाटायचं जाड आवाज आईचा, कारण आई अंगानं भरलेली होती. कधी वाटायचं बारीक. मनाला काय, मन काहीही ठरवतं. ठरवून मला समाधान होईना.

मग शेजारच्या सुनेला बोलावलं. तिनं फोन प्लेअरजवळ धरून अख्खं गाणं भरून घेतलं. मी तिला म्हटलं, आपल्या महिला मंडळाच्या गटावर टाक, विहाराच्या गटावर टाक, नरखेडकडचं कोणी असेल त्याला टाक. सोबत लिही की या तीन बायांपैकी कोणी कोणाला ओळखत असेल तर कळवा.

नवरा दारात उभे राहून बघत होते. "अवं, माही रेकॉर्ड गेली तिच्यापायी. आता हिचीबी काय किंमत राह्यली?"

आता मला बोलावंच लागलं. म्हटलं, "तुमची किंमत तुमच्यापाशी ठेवा. मले माय पायजे."

पुढचे काही दिवस फोनवर नुसते हात जोडलेले आणि निळी फुलं. छान, छान, जुनी आठवण. कोणी ओळखेना. मी आशा सोडत आले होते. मग एका सकाळी फोन आला. नरखेड तालुक्यातल्या एका गावाहून, एक मुलगी म्हणाली, माझ्या आजीला बोलायचं आहे. मग फोनवर श्वास, मग एक चिरका आवाज.

"कोनाची पोरगी वं तू?"

मी आईचं नाव सांगितलं, बापाचं सांगितलं.

"अगाई! जिवंत हाये काय तुही माय?"

"नाई आत्या. मी लहान होती तवाच गेली."

म्हातारी म्हणाली, "ते बारीक किरकिरते ना, ते मी. जाड हाये ते माही चुलती, ते गेली मागंच. अन् सगळ्याच्या आंधी उचलते ना, धावल्यासारकी, ते तुही माय. म्होरक्या वरडे तिच्यावर, बाई, तुले घाई कायची? तं ते म्हने, मले घरी जाऊन भाकरी थापाच्या हायेत."

फोन तसाच चालू ठेवून मी सुई टेकवली. झील आली. आणि होती! सगळ्यांच्या आधी, अर्धा श्वास पुढे, घाईनं. माझ्या आईला घाई होती. भाकरी थापायची, पाणी आणायची, जगून घ्यायची. इतके दिवस तो आवाज माझ्यासमोर पळत होता आणि मला कळत नव्हता.

फोनवर म्हातारी माझ्याबरोबर ऐकत होती. गाणं संपल्यावर म्हणाली, "गावात मले रेकॉर्डवाली म्हंतेत. चिडोतेत. आली रेकॉर्डवाली, पानी भराले आली रेकॉर्डवाली. कोनालेच खरं नाई वाटलं. माह्या पोरालेबी नाई. आमाले कोनी देली नाई ना वं रेकॉर्ड. मलेच वाटे, सपन पडलं काय मले मुंबईचं. काल नातीनं फोनवर गानं लावलं तं अख्खी गल्ली जमली. पोरगा माहा उभा राहून आयकत होता, टोपी काढून."

मला राहवलं नाही. मी तिला जोडीचं सांगितलं. दोन होत्या आत्या, एक फोडली एका माणसानं.

"फोडली? कायले वं?"

"एकच राहावी म्हणून. एकच असली की किंमत येते म्हणते."

चेष्टा नव्हती तिच्या आवाजात, खरंच विचारत होती. "एकच पायजे होती तं मंग आमी तिघी कायले गायलो?"

माझ्यावर त्याचं उत्तर देण्याची पाळी तरी का यावी?

त्या रविवारी मास्तर आले. बगलेत कापूसवाल्या बाईची रेकॉर्ड. म्हणाले, आज ही तुमच्याकडेच ऐकू, तुमच्या यजमानांनाही बरं वाटेल. माझा नवरा हरखून पुढे झाला. भाऊजींनी खुर्ची सरकवली. मास्तर चप्पल काढायला वाकले.

"चप्पल नका काढू मास्तर," मी म्हटलं.

तिघंही माझ्याकडे बघायला लागले. मी त्यांना म्हातारीचं सगळं सांगितलं, शब्द न बदलता. रेकॉर्डवाली म्हणून चिडवतात तेही. तिनं विचारलं तेही.

"तुम्ही खोटं बोलत नाई ना? मंग जा. तिच्या ओट्यावर बसा अन् तिले सांगा, तुमी कायले फोडली ते. तिले पटलं की या माह्या घरी, चहा देते."

"वहिनी, मी आता या वयात नरखेडले..."

"एस.टी. जाते. बसाले जागा भेटते सकाळच्या गाडीत."

"अवं, पाहुना हाये," माझा नवरा पुटपुटला.

"तुमीबी जा संगं," मी म्हटलं. "तुमाले तर दोनदा सांगाचं हाये. एकदा तिले, अन् एकदा मले."

मास्तर बगलेतली रेकॉर्ड सावरत जिना उतरून गेले. अजून गेले नाहीत नरखेडला. माझा नवरा रोज विचारतो, आता पुरे झालं नाही का. मी म्हणते, म्हातारीला फोन लावून देते, तिलाच विचारा पुरे झालं का.

ते फोन हातात घेत नाहीत.